मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

प्रतापनगरातलं काका-काकूंचं घर दोघांच्या नावावर. मुलगा पुण्यात, मुलगी इथेच. काकांना हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळं व्हायचंय, काकू म्हणतात, "मृत्युपत्र करा, घाई कसली?"

खर्चाचं म्हणाल तर मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणीही ऐच्छिक, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. महाराष्ट्रात राहतं घर मुला-मुलीला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, पण नोंदणी सक्तीची. आखीव पत्रिकेवर (घराच्या मालकीची सरकारी नोंद) फेरफार, म्हणजे नव्या मालकाचं नाव चढवणं, मात्र दोन्हीकडे करावाच लागतो.

खरा फरक पुढे आहे. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्रावर सह्या झाल्या, नोंदणी झाली, की घर मुलांचं. सहसा परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार आहे, पण सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली असेल तरच तो भक्कम. काकांच्या मसुद्यात ती ओळच नव्हती! "पोरांवर अविश्वास कसा दाखवायचा?" म्हणे.

आणखी एक. काका फक्त स्वतःच्या हिश्शाबद्दल लिहू शकतात, काकूंच्या नाही. काहीच न लिहिता ते गेले, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांचा हिस्सा काकू, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जाईल.

माझं मत काकूंच्या बाजूने. दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करावीत, हयात असेल त्याला आधी घर, मग मुलांना. काका अजून फुरंगटूनच आहेत.