रिसॉर्ट, कुळागरातलं घर की अग्रशाळा? गोव्यात कमी ओझं टाकून राहण्याचा हिशेब

गोव्याला येणाऱ्या पाहुण्याला विचारा, पर्यावरणाची काळजी आहे का? ‘नाही’ म्हणणारा भेटणार नाही. बुकिंग करताना मात्र तोच पाहुणा बघतो ते स्विमिंग पूल, समुद्र किती पावलांवर आहे आणि नाश्ता फुकट आहे का. यात ढोंग फारसं नसतं. कुठल्या निवडीने किती फरक पडतो हे त्याला कुणी आकड्यांत सांगितलेलं नसतं. मग माणूस बांबूचा टूथब्रश आणि कापडी पिशवी घेऊन विमानात बसतो आणि आपला वाटा उचलल्याचं समाधान मानतो.

इथे हिशेब धरला आहे तो मुंबईकडून येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचा: चार रात्री, दोन खोल्या. पुणे-कोल्हापूरकडच्यांनी किलोमीटर तेवढे बदलून घ्यावेत.

येणं

मुंबई ते गोवा रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी चाळीस लिटर पिते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका बाजूचे ९२ किलो. गाडीत चौघं असतील तर माणशी २३, एकटाच असाल तर सगळे ९२ तुमच्या नावावर. विमानाचा अंदाज माणशी साठ ते ऐंशी किलो. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे; तिथे माणशी दहा किलोच्या आसपास धरायला हरकत नाही.

भरलेली गाडी रेल्वेपासून फार लांब नाही आणि रिकामी गाडी विमानापेक्षाही वाईट. ‘विमान टाळलं’ म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी मागची सीट बघावी.

रेल्वेत एक चूक हमखास होते. सगळे मडगावचं तिकीट काढतात आणि तिथून बागा-कळंगुटला जायला पन्नासेक किलोमीटर टॅक्सी करतात. बारदेश-पेडणेच्या किनाऱ्याला जायचं असेल तर थिवीला उतरावं, पणजी-फोंड्यासाठी करमळी, पाळोळे-आगोंदसाठी काणकोण. फक्त सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. वंदे भारत गोव्यात थिवी आणि मडगावलाच थांबते, तेव्हा आधी थांबे बघा, मग गाडी ठरवा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळी-नाताळात ते पहिल्याच सकाळी संपतं आणि मग ‘रेल्वे मिळाली नाही’ हे विमानाचं कारण होतं.

राहणं: खरा फरक इथे आहे

किनारपट्टीची दुखती नस म्हणजे पाणी. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात नळ अपुरा पडतो आणि टँकर धावतात. टँकरचं पाणी येतं कुठून, तर बऱ्याचदा आतल्या गावांतल्या विहिरींतून. राष्ट्रीय इमारत संहितेत पाण्याची गरज धरताना घरासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात, तीन तारांपर्यंतच्या हॉटेलसाठी १८० आणि चार तारांपासून पुढे ३२०. स्विमिंग पूल, मोठी धुलाई ही चैन हॉटेलांच्या या आकड्यांत धरलेलीच नाही. वाळूच्या जमिनीत भूजलही वर असतं, म्हणून सेप्टिक टँक नीट बांधलेला नसेल तर त्याचा पाझर शेजारच्या विहिरीत उतरतो.

रिसॉर्टची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. मोठ्या हॉटेलात सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा असू शकते आणि तेच पाणी बागेला फिरवता येतं. लहान गेस्टहाऊसला हे परवडत नाही. म्हणून ‘लहान ते चांगलं’ हे डोळे झाकून धरू नये.

दुसरा पर्याय कुळागरातलं घर. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण भागांत पोफळी-माडांच्या बागांमध्ये काही घरांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. डोंगराच्या झरीचं पाणी पाटाने बागेत खेळतं. वर माड-पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली केळी, अननस, हळद. ओला कचरा आळ्यात जिरतो, खतखत्याची भाजी परसातून येते. रात्री झाडांमुळे हवा गार असते आणि बहुतेक महिने पंख्यावर भागतं. हा पंखा मोठा मुद्दा आहे. दीड टनाचा एसी दहा तास चालला की साधारण दहा युनिट वीज जाते (इन्व्हर्टर असेल तर थोडी कमी), पंख्याला तेवढ्याच वेळात पाऊण युनिट. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन धरला तर दोन खोल्यांत चार रात्री एसीचे ५६ किलो होतात. भरलेल्या गाडीऐवजी रेल्वेने येऊन चौघांनी एका बाजूला वाचवलेल्या पन्नासेक किलोंवर ते पाणी फिरवतात.

कुळागराच्या अडचणीही ऐकून ठेवा. मार्चनंतर झरी आटतात, तेव्हा पाण्याचं आधी विचारावं. पावसात जळवा, वीज जाणं, मोबाइलला रेंज नसणं. सत्तरीच्या जंगलात जानेवारी ते मे या काळात माकडताप पसरवणाऱ्या गोचिडींची भीती असते. रानात जाताना पूर्ण बाह्या, लांब पँट, आणि परतल्यावर अंग तपासून आंघोळ.

तिसरा पर्याय बहुतेक याद्यांत येतच नाही, कारण तो स्वतःला ‘इको’ म्हणवत नाही: देवस्थानाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाची जागा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी इथे कुळाव्यांसाठी (ज्यांचं ते कुलदैवत आहे त्या घराण्यांसाठी) शतकानुशतकांची सोय आहे. इमारत आधीच उभी आहे, त्यासाठी नवी टेकडी कापावी लागली नाही. बादलीने आंघोळ म्हणजे माणशी पंधरा-वीस लिटर. तेच शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की ऐंशीच्या घरात जातं. जेवण साधं, शाकाहारी. मंगेशी आणि म्हार्दोळ पणजी-फोंडा बसच्या वाटेवरच आहेत.

अग्रशाळेत कुळाव्यांना प्राधान्य असतं, माघातल्या जत्रांच्या दिवसांत खोली मिळणं कठीण, आवारात मासे आणि दारू चालत नाही. ज्यांना गोवा म्हणजे संध्याकाळची फेणी, त्यांनी इथे येऊन नियमांवर कुरकुर करू नये; जागा चुकली एवढंच. काही ठिकाणी आता एसी खोल्याही आहेत. त्या घेतल्या तर वरचा विजेचा हिशेब तसाच लागू.

टॉवेलचा अमेरिकेतला एक प्रयोग इथे आठवतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ या कार्डाला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. ‘इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. अग्रशाळेत कार्ड लागत नाही. सगळेच बादली घेऊन रांगेत उभे असतात.

पाटी खरी की खोटी

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिखाऊ हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्यामागचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून फोनवर सरळ विचारा. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक काय? (गोव्यात १९८२ च्या कायद्याखाली ही नोंदणी लागते, होमस्टेलाही.) पाणी नळाचं, विहिरीचं की टँकरचं? सांडपाणी कुठे जातं? पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आहे की बाटल्या? चौघं, दिवसाला माणशी तीन लिटर, चार दिवस म्हणजे एक लिटरच्या ४८ बाटल्या. वीस लिटरचे अडीच जार तेच काम करतात. मालक या प्रश्नांची उत्तरं अडखळत का होईना पण नेमकी देतो, तर घर बरं. ‘सर, आमचं सगळंच नेचरमध्ये आहे’ एवढंच ऐकू आलं तर पुढचा नंबर लावा.

दिवसभर कुठे फिरणार?

राहण्याची निवड इथेच फसते. फोंड्याजवळच्या कुळागरात उतरायचं आणि रोज कळंगुट गाठायचं, तर जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात: सहा लिटर पेट्रोल, चौदा किलो कार्बन, म्हणजे दोन खोल्यांच्या एका रात्रीच्या एसीएवढंच. रोज समुद्रात डुंबायचंच असेल तर किनाऱ्याजवळचं साधं, स्विमिंग पूल नसलेलं गेस्टहाऊस जास्त शहाणपणाचं. देवळं, बागा, दिवाडी-चोडणची बेटं बघायची असतील तर आतलं घर किंवा अग्रशाळा. सरकारी ‘कदंब’च्या आणि खासगी बसेस दिवसा भरपूर आहेत. रात्री आठनंतर त्या विरळ होतात, परतीचं तसं ठरवा.

भाड्याची विजेवरची स्कूटर पणजी-फोंड्याच्या परिसरात उत्तम. पणजीहून पाळोळे एका बाजूला सत्तर किलोमीटर. मध्ये चार्ज न करता परत येण्याचा नाद करू नये. भाड्याच्या पेट्रोल गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात; विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरं पिवळीच. खासगी गाडी (पांढरी पाटी, किंवा विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं) भाड्याने घेणं बेकायदा.

मुलांना पाण्यातून फिरवायचं तर डॉल्फिनची बोट की चोडणची होडी? ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ ही जाहिरात ग्राहकाला गोड वाटते, पण त्याच अटीमुळे नावाडी डॉल्फिन दिसला की इंजिन लावून त्याच्या मागे सुटतो, आणि चार-पाच बोटी कोंडाळं करतात. किनाऱ्यालगत दिसणारा कुबड्या डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. जायचंच तर लांबून बघणारा, इंजिन न्यूट्रलला ठेवणारा नावाडी आधी बोलून ठरवा. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात (१.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटी) वल्ह्याची होडी घेतली तर खंड्या, बगळे आणि नशिबात असेल तर चिखलात पडलेली मगर दिसते. रायबंदरहून फेरीबोटीने जावं. सकाळी लवकर आणि भरतीची वेळ बघून. ओहोटीला होडी आत शिरत नाही आणि चिखलच बघावा लागतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना समुद्राऐवजी शॅककडे नेतात. या चारपैकी कुठेही राहत असाल तर रात्री वाळूत टॉर्च किंवा मोबाइलचा फ्लॅश नको.

डिसेंबर की जुलै

कमी ओझ्याचा ऋतू पावसाळाच. विहिरी भरलेल्या, एसी नको, गर्दी कमी. समुद्रात उतरता येत नाही, लाल झेंडे असतात, आणि धबधब्यांवर कधीही बंदी येऊ शकते. दूधसागरच्या जीपही बंद असतात. रुळांवरून चालत जाणं गुन्हा आहे, तेव्हा तो धबधबा रेल्वेच्या खिडकीतूनच बघावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा मेनूवरची सुरमई बर्फातली किंवा बाहेरून आलेली समजा. या दिवसांत तिसऱ्या, सुक्या बांगड्याचं किसमूर आणि सोलकढी मागा.