"रंगावरून मादी निवडून देतो" म्हणणाऱ्याकडून कोंबडीची २०० पिल्लं घेतली

१८,००० रुपये दिले. २०० पिल्लं, ९० रुपये नग, सगळ्या माद्या म्हणून. न निवडलेली पिल्लं त्याच्याकडेच ४० ला होती. म्हणजे नुसत्या "मादी" या शब्दाचे मी १०,००० रुपये मोजले.

मी आंधळेपणाने गेलो नव्हतो. ऱ्होड आयलंड रेड (लाल) आणि बार्ड प्लायमाउथ रॉक (करडी पट्टेदार) या कोंबड्यांच्या जातींच्या संकरात पहिल्याच दिवशी नर-मादी कळतात, हे खरं आहे. त्यानेही तेच सांगितलं. शेडवर नेलं, यंत्रातून काढलेल्या काळ्या पिलांचा ट्रे पुढे धरला. "डोक्यावर पांढरा ठिपका दिसतोय? ती मादी." ट्रेमधल्या एकूण एक पिलाला ठिपका होता.

तिथेच कळायला हवं होतं. निम्मे नर निघतातच, मग बिनठिपक्याची पिल्लं गेली कुठे? आणि मागच्या जाळीत करडा पट्टेदार कोंबडा लाल कोंबड्यांमध्ये फिरत होता. मी त्याच्याकडे दोन मिनिटं बघत उभा होतो. देखणा म्हणालोसुद्धा. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. जोडी उलटी होती. कोंबडा लाल आणि कोंबडी पट्टेदार असेल तरच हे जमतं, कारण आईचे पट्टे फक्त नर पिलांत उतरतात. म्हणजे ठिपका नराला, मादी साधी काळी. बापच पट्टेदार असला तर ठिपका सगळ्यांनाच येतो आणि त्यावरून काहीच ओळखता येत नाही. त्याने तर खूणही उलटी सांगितली होती. पिल्लं घेण्याआधी आईबाप बघा, नुसता ट्रे बघू नका.

सहाव्या आठवड्यात तुरे लाल व्हायला लागले. ११ मेली होती, उरलेल्या १८९ मध्ये ९७ नर. बचत गटाच्या बायकांना मी १५० तलंगा (अंड्यावर यायच्या आधीच्या तरुण कोंबड्या) कबूल केल्या होत्या, प्रत्येकी १०० रुपये आगाऊ घेऊन. ९२ दिल्या, ५८ चे ५,८०० रुपये घरोघरी जाऊन परत केले. "भाऊ, तुम्हीसुद्धा?" असं एक ताई म्हणाल्या. कोंबडे विकले गेले, पण खाद्याचा खर्चही नीट निघाला नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला" म्हणाले, तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला गेलेले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात "खासगी हॅचरी आमच्याकडे येत नाही" असं उत्तर. हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, त्यांनी पावती मागितली. पावतीवर "पिल्ले २०० नग" एवढंच. मादी हा शब्दच नाही! जो शब्द विकत घेतला तोच कागदावर नव्हता, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस तिथेच बोट ठेवून कागद माझ्याकडे सरकवत होता. १८,००० ही यांच्या लेखी रक्कमच नाही. पावतीवर "मादी" आणि नर निघाल्यास भरपाई लिहून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका. सगळे आगाऊ तर मुळीच नकोत.

आणखी एक. अशा संकराच्या पिलांची आपसात पुढची पैदास केली, की ही खूण चालत नाही. गावरान पिलांत रंगावरून मादी सांगणारा तर सरळ थाप मारतो.

परवा भाच्याने त्याचं स्टेटस दाखवलं. भाव आता ९५. ट्रेच्या मागे जाळीत तोच पट्टेदार कोंबडा.