ताडोब्याचं बनावट परमिट: आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे वाचाच

आम्हाला ज्याने गंडा घातला, त्याने बजेट सगळ्यात शेवटी विचारलं. त्याचा पहिला प्रश्न होता, "काकूंना जिप्सीत चढायला त्रास होतो का? स्टूल ठेवायला सांगतो." घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील आणि त्यांना घेऊन शनिवार-रविवार ताडोब्याला जायचं मनात असेल, तर त्या प्रश्नामागे काय होतं ते नीट समजून घ्या.

आम्ही नागपूरचे. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. दीर-जाऊ मुलांना घेऊन पुण्याहून येणार होते. नातवंडं धरून दहा माणसं. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं विदर्भात काढली, पण तिथे जाणं कधी झालंच नाही. नातवंडांसोबत एकदा जाऊन यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आता अडचण बघा. सफारीच्या एका उघड्या जिप्सीत सहाच पर्यटक बसतात. म्हणजे आम्हाला दोन जिप्सी हव्यात, दोन्ही एकाच गेटच्या, एकाच वेळेच्या. खोल्या तळमजल्यावर, बाथरूम कमोडचं. आणि तारखा शनिवार-रविवारच्याच, कारण मुलांच्या शाळा. मोहर्ली आणि कोलारा ही गेटं सुट्टीच्या दिवसांत फार आधी भरून जातात. सरकारी वेबसाइट फक्त जागा आहे की नाही एवढंच सांगते. गुडघे, पथ्य, चार वर्षांचं पोर हे तिला कळत नाही. नेमक्या याच जागी हे लोक जाळं टाकून बसलेले असतात.

दिराने फेसबुकवर मोहर्लीजवळच्या एका रिसॉर्टची जाहिरात पाहिली. फोटो खरे, रिसॉर्टही खरं. नंबर मात्र रिसॉर्टचा नव्हता. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलायचा, सासूबाईंना काकू म्हणायचा, मुलांची वयं लिहून घ्यायचा. भाव फार स्वस्त सांगितला असता तर कुणालाही शंका आली असती. त्याने बाजारभावापेक्षा थोडाच कमी सांगितला आणि वर म्हणाला, "परमिटचे पैसे सरकारी आहेत, त्यात मला सूट देता येत नाही." या एका वाक्याने घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसला.

मग दहाही जणांचे आधार कार्डाचे फोटो मागितले. परमिटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर लागतो, हे खरंच आहे. म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. ॲडव्हान्स गेला. दोन दिवसांनी फोन आला की सत्तरीपुढच्या पर्यटकांसाठी 'सीनियर सिटिझन डिपॉझिट' भरावं लागतं, माणशी साडेचार हजार, परत मिळणारं. बाबांसाठी आणि आईंसाठी नऊ हजार पाठवले. मग परमिटची पीडीएफ आली, वर वन विभागाचं बोधचिन्ह, खाली क्यूआर कोड, आमची सगळी नावं आणि आधारचे शेवटचे आकडे अगदी बरोबर. ते पाहून उरलेली रक्कमही दिली. सगळे मिळून 71,000 रुपये.

त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी अशा होत्या की ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला लगेच खटकल्या असत्या. एक म्हणजे तो म्हणाला, "मोबाईल बिनधास्त न्या, मी गाइडला सांगून ठेवतो." ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, सफारीत मोबाईल नेताच येत नाही. दुसरी, त्याने मुक्काम वाढवायचा आग्रह केला, मंगळवारची सफारी स्वस्तात देतो म्हणाला. मंगळवारी कोअर बंद असतं. असं काही ऐकू आलं तर तिथेच फोन ठेवा.

शनिवारी पहाटे निघालो. बुटीबोरी, जाम, वरोरा करत मोहर्लीला पोहोचलो, दुपारची सफारी होती. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने पीडीएफवरचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, पुन्हा टाकला, मग प्रिंट मागून घेतली आणि बोटाने एक ओळ दाखवली. नावांची अक्षरं आणि तारखेची अक्षरं वेगळ्या वळणाची होती. कुणाच्या तरी जुन्या, खऱ्या परमिटवर आमची नावं चढवली होती. "हा नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे जी ताई, त्यांची सफारी कधीच होऊन गेली," तो म्हणाला. डिपॉझिटचं विचारलं तर असं काही नसतंच. मागे बाबा टोपी घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून उभे होते. नातवाने ती त्यांच्यासाठी पुण्याहून आणली होती.

आम्ही त्या माणसाला फोन लावला, आणि त्याने उचललाही. शांतपणे म्हणाला, "सर्व्हरवर पेमेंट अडकलेलं दिसतंय. आत्ता बारा हजार टाका, दहा मिनिटांत परमिट ॲक्टिव्ह होतं, आधीचे संध्याकाळी परत येतील." समोर जिप्स्या आत सुटत होत्या, मुलं रडकुंडीला आली होती. अशा वेळी माणूस पैसे टाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एका गाइडने दिराचा हात धरून थांबवलं. त्या गाइडचे उपकार आम्ही विसरणार नाही.

रिसॉर्टवर आमचं बुकिंग नव्हतंच, खोल्या भरलेल्या. मॅनेजर म्हणाले, असे फसलेले लोक याआधीही दारात आलेत. पण त्यांनी दाराशी किंवा स्वतःच्या पानावर तशी सूचना लावलेली नव्हती, याचा मला आजही राग आहे. रात्र चंद्रपूरच्या लॉजवर काढली.

पैशांचं म्हणाल तर पहिला तास महत्त्वाचा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवायचा. तक्रार लवकर गेली तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमचा शेवटचा हप्ता असा अडकून राहिला, आधीचे केव्हाच पुढे सरकले होते. पैसे एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले होते. पाठवण्याआधी ॲपवर खातेदाराचं नाव दिसतं. ते रिसॉर्टचं नव्हतं. विचारल्यावर तो "आमच्या अकाउंटंटचं" म्हणाला होता. हॉटेलचे पैसे व्यक्तीच्या खात्यात मागितले, की बोलणं संपवा. पिन आपणच टाकलेला असल्यामुळे बँक सहसा भरपाई देत नाही, हात वर करते.

एका पोलीस ठाण्यात "तुम्ही नागपूरला तक्रार द्या" असं ऐकावं लागलं. तसं कुणी म्हणालं तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवून मागा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती तरतूद आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी आधार कार्डांची वाटते. बाबा-आईंची पेन्शन त्यांच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. परतल्यावर सगळ्यांच्या आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केले, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते तपासलं. यापुढे कुणालाही फक्त मास्क्ड आधार देतो, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

बुकिंग करताना वेबसाइटचा पत्ता शेवटपर्यंत वाचा. ताडोब्याचं बुकिंग 2023 मध्ये वन विभागाच्या नव्या वेबसाइटवर गेलं. तिचा पत्ता 'महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. जुन्या पत्त्याशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेले बरेच आहेत. परमिट हाती येताच गेटच्या ऑफिसात किंवा वन विभागाच्या चंद्रपूर कार्यालयात नंबर पडताळून घ्या, निघायच्या दिवसाची वाट पाहू नका. रिसॉर्टला फोन करायचा तर जाहिरातीतला नंबर सोडा, तिथे राहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून घ्या. मोहर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवासस्थानही आहे, त्याचं बुकिंग एमटीडीसीच्याच वेबसाइटवर करा. म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसाठी मध्यस्थ हवाच असेल तर परमिट स्वतः काढा आणि त्याच्याकडून फक्त खोली आणि गाडी घ्या.

त्याचा नंबर आता बंद आहे, आमची तक्रार अजून चौकशीत आहे. मागच्या आठवड्यात जावेला तेच फोटो पुन्हा दिसले, रिसॉर्टचं नाव वेगळं, नंबर वेगळा. जाहिरातीत आता वरच लिहिलंय, 'आजी-आजोबांसाठी खास व्यवस्था'. आम्ही ती सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर कळवली आहे. तुम्हाला दिसली तर तुम्हीही कळवा.