हरणाऱ्या संघाचे सीझन तिकीट घ्यावे का?

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे सीझन तिकीट मी बरीच वर्षे घेत आलो आहे, आणि या काळात संघाच्या वाट्याला विजयापेक्षा पराभवच अधिक आले आहेत. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे एफसीएसमध्ये, म्हणजे डिव्हिजन वन या कॉलेज खेळांतल्या सर्वोच्च गटाच्या दुसऱ्या पायरीवर धडपडणाऱ्या अनेक संघांना लागू पडते. कॉलेजच्या गावात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे या तिकिटाबद्दल हमखास विचारतात, म्हणून उत्तर आधीच देतो: तिकीट जरूर घ्यावे. मात्र त्या पैशांत आपल्याला काय मिळते आणि विद्यापीठ त्या पैशांचे काय करते, हे समजून घेऊन घ्यावे.

तिकिटात घरच्या मैदानावरचे पाच-सहा सामने मिळतात. सोयींच्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. तिकीट फोनवर येते, पार्किंग जवळ मिळते, पन्नास यार्डांच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेसमोरची जागा सहज मिळते आणि विद्यापीठाचा बँड खरोखर चांगला आहे. खाण्याच्या खिडक्या मात्र अर्ध्याच उघडतात, त्यामुळे मध्यंतरात रांगेत उभे राहिलेला माणूस तिसऱ्या क्वार्टरची सुरुवात हमखास गमावतो. विद्यार्थ्यांचा स्टँड मध्यंतरानंतर रिकामा होतो आणि आवाजच नसल्यामुळे पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, आपल्या खेळाडूंना सूचना देतो त्या आमच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येतात.

खेळाबद्दल लिहिताना फक्त गुणफलक पाहिला तर अन्याय होईल. आमचा संघ पहिल्या क्वार्टरमध्ये क्वचितच वाईट खेळतो. बचावफळी जागा सोडत नाही, टॅकल नीट होतात, आणि नवखा प्रेक्षक सामना बरोबरीचा आहे असेच मानतो. मग जर्सीवरच्या आकड्यांकडे लक्ष द्यावे. गेल्या हंगामात एक लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू, बचावातले जवळजवळ सगळे डाव खेळत होता, पंट झाला, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्या संघाकडे दूर सोडला, की तोच चेंडूमागे धावत होता आणि खेळ सुरू करणाऱ्या किकऑफलाही तोच उभा होता. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी दोन डावांच्या मधल्या वेळात तो गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला दिसे, आणि समोर पाहुण्या संघाचे ताज्या दमाचे लाइनमन, म्हणजे आघाडीच्या रांगेतले धिप्पाड खेळाडू, बाकावरून उठून मैदानात येत. पुढच्या दहा मिनिटांत दोन टचडाउन होत आणि सामना हातचा जाई. हा फरक जिद्दीचा नव्हे, दुसऱ्या फळीचा आहे, आणि दुसरी फळी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर उभी राहते.

हे गणित थोडे उलगडून सांगायला हवे. एफसीएसच्या जुन्या नियमाप्रमाणे एका संघाला ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येते आणि ती जास्तीत जास्त ८५ खेळाडूंमध्ये वाटता येते. वरच्या पायरीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, दीर्घकाळ ८५ खेळाडूंना प्रत्येकी पूर्ण शिष्यवृत्तीची मुभा होती. ६३ ही कमाल मर्यादा आहे. तेवढा पैसा उभा करण्याचे बंधन कुणावर नाही. आमच्यासारखी विद्यापीठे त्याच्या बरीच खाली राहतात, आणि उरलेल्या जागा स्वतःची फी भरून खेळणाऱ्या वॉक-ऑन मुलांनी भरतात. ही मुले मनापासून खेळतात, पण पाच वर्षे ताकदीचा व्यायाम आणि योग्य आहार मिळालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या लाइनमनसमोर अठरा वर्षांचा मुलगा उभा केला तर काय व्हायचे ते होतेच.

सध्या आमच्याकडे वाद पेटला आहे तो याच शिष्यवृत्त्यांवरून. प्राध्यापकांचा एक गट म्हणतो की प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडाशुल्क घ्यायचे आणि ते हरणाऱ्या संघावर खर्च करायचे, हे थांबवा. माजी विद्यार्थ्यांचा गट म्हणतो की शिष्यवृत्त्या वाढवा, विजय आपोआप येतील. पहिल्या गटाची चिंता खरी आहे. नोकरी करून शिकणाऱ्या मुलीने कधीही न पाहिलेल्या सामन्यांसाठी पैसे का द्यावेत, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तरीही बोट चुकीच्या ठिकाणी ठेवले जात आहे असे माझे ठाम मत आहे. फुटबॉलच्या खर्चात शिष्यवृत्ती हा एकच भाग असा आहे, जो थेट एका विद्यार्थ्याच्या शिक्षणात जातो. मुदत संपण्याआधी काढलेल्या प्रशिक्षकाला द्यावी लागणारी भरपाई, प्रवास, नवा स्कोअरबोर्ड यांवर मात्र त्या तावातावाने कुणी बोलत नाही.

शिष्यवृत्त्या काढून त्याच स्पर्धेत खेळत राहिल्यास काय होते, याचे उदाहरण टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाने भोगले आहे. पैशांअभावी तिथे १९९० चा हंगाम बंद ठेवावा लागला, आणि संघ परतला तो शिष्यवृत्त्यांशिवाय, पण शिष्यवृत्त्या देणाऱ्या संघांसमोरच. १९८९ मध्ये सुरू झालेली पराभवांची मालिका ८० सामन्यांपर्यंत लांबली आणि सप्टेंबर १९९८ मध्ये लँग्स्टनविरुद्धच्या १४-१२ अशा विजयाने तुटली. त्या मुलांच्या चिकाटीला मी मनापासून मान देतो, पण त्यांना त्या परिस्थितीत ढकलणाऱ्या निर्णयाला नाही. याउलट कोलंबिया विद्यापीठही १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ सामने हरले, आणि तेही आयव्ही लीग या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटात, जिथे कुणालाच क्रीडा शिष्यवृत्ती देता येत नाही. सर्वांना एकच नियम असूनही हरता येते, तेव्हा शिष्यवृत्त्या वाढवल्या की विजय येतातच, हा माजी विद्यार्थ्यांचा दावाही पुरता टिकत नाही.

प्रामाणिकपणे माघार घेण्याचा मार्गही आहे. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल बंद केले, आणि ज्याच्या खेळाडूने १९३५ मध्ये सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी पहिली हाइझमन ट्रॉफी जिंकली होती तो संघ हा होता. पुढे १९६९ मध्ये खेळ परत आला. आज ते डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात, जिथे क्रीडा शिष्यवृत्तीच नसते आणि समोरचा संघही त्याच अटींवर आलेला असतो. आमच्या विद्यापीठाला पैसा परवडत नसेल तर त्याने हा मार्ग धरावा. तिकीट मी तेव्हाही घेईन. पुरेशा शिष्यवृत्त्या द्यायच्या नाहीत, वरची पायरीही सोडायची नाही, आणि हंगामाच्या आरंभी काही लाख डॉलरच्या मोबदल्यात मुलांना एखाद्या बलाढ्य एफबीएस संघाच्या मैदानावर पाठवायचे, हा आजचा मधला मार्ग मला मान्य नाही. त्या रकमेतून वर्षाचे अंदाजपत्रक सावरते हे खरे, पण दुखापती मुलांना होतात आणि पुढचे दोन-तीन सामने आम्ही राखीव खेळाडूंसह पाहतो.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातल्या ‘हाउस’ तडजोडीनंतर ही दरी रुंदावणार आहे. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही. त्याऐवजी फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली, आणि पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम सर्व खेळांतल्या खेळाडूंना मिळून थेट देण्याची मुभा मिळाली. आमच्यासारख्यांना त्या रकमेच्या जवळपासही जाता येणार नाही. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणी-यादीमुळे, आमच्याकडे दोन वर्षे घडलेला चांगला खेळाडू पूर्ण शिष्यवृत्तीसाठी दुसरीकडे निघून जातो. त्याला दोष देता येत नाही. अर्ध्या शिष्यवृत्तीवर घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलाने पूर्ण फी माफ होत असताना नकार द्यावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

विद्यापीठाच्या सेवेबद्दल माझी खरी नाराजी इथेच आहे. सीझन तिकीटधारकांना दरवर्षी येणाऱ्या पत्रात नवे प्रशिक्षक, नवी जर्सी, नवा उत्साह यांचे वर्णन असते, पण किती शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांतल्या पूर्ण किती, आणि प्रशिक्षक बदलल्यावर किती मुलांच्या शिष्यवृत्त्या पुढे चालू राहिल्या, यांतले काहीही नसते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने हे आकडे न मागता द्यायला हवेत.

तिकीट घेणार असाल तर पश्चिमेकडच्या स्टँडमधली जागा मागावी. दुपारच्या सामन्यात ऊन पाठीमागे राहते. चांगल्या जागांसाठी तिकिटासोबत देणगी मागितली जाते, आणि अर्जावर ती रक्कम कशासाठी वापरावी हे लिहिण्यासाठी एक ओळ असते. ती कोरी सोडल्यास पैसे सर्वसाधारण क्रीडानिधीत जातात. तिथे ‘फुटबॉल शिष्यवृत्ती निधी’ असे स्पष्ट लिहावे, पावतीवरही तसेच लिहून घ्यावे, आणि पावती वेगळी आली तर तिकीट कार्यालयात जाऊन ती बदलून मागावी. मागितली की बदलून देतात.