दसऱ्याला कुठं जावं: कोलकाता, म्हैसूर की कुल्लू?

नवरात्रात फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न गर्दीचा नसतो, घटाचा असतो. अखंड दिवा कोण सांभाळणार, माळ कोण चढवणार? म्हणून या तिघांतून निवडताना 'सर्वांत भव्य कुठला' हा वाद मी बाजूला ठेवतो. घराबाहेर कुठल्या तिथीला पडता येतं आणि सोबतच्या माणसांना सलग किती वेळ उभं राहता येतं, यावर निम्मा निकाल लागतो.

कोलकात्याच्या दुर्गापूजेचे मुख्य दिवस षष्ठी ते दशमी. म्हणजे घट बसलेले असतानाच निघावं लागतं, आणि मागे घरी कुणीतरी हवंच. हे जमत असेल आणि पाय धडधाकट असतील, तर माझं मत डोळे झाकून कोलकात्याला. २०२१मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत या पूजेचं नाव गेलं ते उगाच नाही. आपल्या गणपतीतली रात्रभर मांडव बघत हिंडायची सवय इथे उपयोगी पडते, फक्त पल्ला फार मोठा आहे. संध्याकाळी सातनंतर मोठ्या मांडवांपाशी बांबूच्या कठड्यांमधून रांग सरकते. तुम्ही चालत नाही, ढकलले जाता. मूर्तीसमोर उभं राहायला जेमतेम क्षणभर मिळतो. म्हणून भरपूर गाजलेले मांडव पहाटे किंवा सकाळी दहाच्या आत उरकावेत, आणि शक्य असेल तर चतुर्थी-पंचमीलाच पोचावं. हल्ली बरेच मांडव षष्ठीच्या आधीच खुले होतात.

उत्तर कोलकाता आणि दक्षिण कोलकाता एकाच रात्रीत करू नका. उत्तरेला बागबाजारची पारंपरिक घडणीची देवी, कुमारटुलीच्या मूर्तिकारांच्या गल्ल्या आणि शोभाबाजार राजवाड्याची १७५७पासूनची पूजा असं सगळं जवळजवळ आहे. दक्षिणेला देशप्रिय पार्क, एकडालिया असे मोठे देखावे. गाडी भाड्याने घेऊन फायदा नाही, रस्तेच बंद असतात. मेट्रो धरा. आता हावडा स्टेशनपासूनच हुगळी नदीखालून मेट्रो जाते.

एकच गोष्ट बघायची असेल तर संधिपूजा बघा, अष्टमी संपून नवमी लागते त्या ४८ मिनिटांची. १०८ दिवे लावलेले, १०८ कमळं वाहिलेली, ढाक (बंगाली ढोल) टिपेला पोचलेले आणि धुपाने समोरचं काही धड दिसत नाही. ती मोठ्या मांडवात नको, जुन्या वाड्यात बघावी. तिथे बसायला जागा मिळू शकते. फक्त वेळ पंचांगावर ठरते, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. बंगाली पंचांग आणि आपलं कालनिर्णय यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, त्यामुळे तिथली तारीख तिथल्याच पंचांगात बघा. आणि हो, नऊ दिवसांचा उपास असेल तर पंचाईत आहे. अष्टमीला लुचीचा (मैद्याच्या पुऱ्यांचा) भोग ठीक, पण नवमीला घरोघरी मटण शिजतं.

म्हैसूरचा कारभार वेगळा. कोलकात्यात गल्लीगल्लीचा उत्सव, इथे दरबारी थाट. वडियार राजघराण्याने १६१०मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू केलेला हा दसरा आता सरकार साजरा करतं. राजघराण्याचे विधी राजवाड्यात आत वेगळे चालतात. विजयादशमीला सोन्याने मढवलेल्या सुमारे ७५० किलोच्या अंबारीतून चामुंडेश्वरी देवीची मूर्ती निघते आणि मिरवणूक बन्नीमंटपापर्यंत साधारण पाच किलोमीटर जाते. चित्रात हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात रस्त्याकडेला जागा धरायला सकाळपासून उन्हात बसावं लागतं, नाहीतर हजारांच्या घरातला पास काढावा लागतो. आईवडील बरोबर असतील तर मी मिरवणुकीचा दिवस सरळ सोडून देईन.

सोडून काय बघायचं? मिरवणुकीचे हत्ती आधीच काही आठवडे शहरात आलेले असतात आणि सकाळी याच रस्त्यावरून त्यांचा सराव चालतो, पाठीवर वाळूच्या गोण्या लादून. पास नको, कठडे नकोत. हत्ती हातभर अंतरावरून जातो, माहूत वरून पोरांना बाजूला व्हायला सांगतो. संध्याकाळी राजवाड्यावर लाखाच्या आसपास दिवे एकदम लागतात, तेही दसऱ्यात रोज. दिवसा दसऱ्याच्या कुस्त्या असतात, कोल्हापूर-सांगलीकडच्यांना वेगळं सांगायला नको. चौथी-पाचवी माळ गाठून दोन दिवसांत हे सगळं आरामात होतं आणि अष्टमीला तुम्ही घरी. बंगळूरूपासून म्हैसूर १४५ किलोमीटरच्या आसपास, रस्ता उत्तम. लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी, पहिलीच वेळ: म्हैसूर.

घट सोडवत नसतील तर कुल्लू. बाकीकडे दसरा संपतो तेव्हा तिथला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. आपटा वाटून दुसऱ्या दिवशी निघालात तरी पहिल्या दिवशीची रघुनाथजींच्या (तिथल्या मुख्य देवाच्या, म्हणजे रामाच्या) रथाची ओढ तेवढी हुकेल, बाकी सगळं मिळेल. आसपासच्या खोऱ्यांतून दोनशेहून अधिक ग्रामदेवता पालख्यांतून ढालपूर मैदानावर येतात आणि आठवडाभर तंबूत मुक्काम करतात. रावण जाळत नाहीत. त्याऐवजी शेवटच्या दिवशी ब्यास नदीकाठी लंकादहन होतं. मनालीची हिडिंबा देवी आल्याशिवाय उत्सव सुरू होत नाही, हा तिथला मान. मला यातलं सर्वांत आवडतं ते दुपारचं मैदान: एका तंबूतून दुसऱ्यात जावं, देवाचे लोक शेकोटीभोवती बसलेले असतात, कुणी हटकत नाही. रात्री स्वेटर लागतोच. अडचण रस्त्याची आहे. २०२३ आणि २०२५च्या पावसाळ्यात ब्यासच्या पुराने महामार्ग ठिकठिकाणी खचला होता, त्यामुळे दिल्ली-चंदीगडहून निघताना एक दिवस हातचा ठेवा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे कोलकात्यासाठी साधारण नागपंचमीच्या सुमारास सकाळी आठला तयार राहायचं. जाण्यापेक्षा परतीचं तिकीट अवघड, कारण पूजेच्या सुट्टीत बंगाली कुटुंबंही फिरायला बाहेर पडतात आणि हावड्याहून सुटणाऱ्या गाड्या भरून जातात. परतीचं मिळत नसेल तर विमानाचा दर बघूनच जाण्याचं तिकीट काढा.