सुप्त दगडी ओळखण्यासाठी पॅडल की मीटर?

दुधात गाठी आल्या किंवा कास लाल होऊन सुजली की दगडी, म्हणजे कासेचा दाह, ओळखायला कुठलेच उपकरण लागत नाही. अडचण असते ती सुप्त दगडीची. दूध दिसायला स्वच्छ असते, गाय वैरण नीट खाते, आणि तरीही एका सडाची धार महिन्याभरात बारीक होत जाते. ही दगडी गोठ्यातच पकडण्यासाठी चार वाट्यांच्या पॅडलमध्ये द्रावण घालून करायची सीएमटी (कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट) घ्यावी की दुधाची विद्युतवाहकता दाखवणारे हातातले मीटर, असे हल्ली अनेक जण विचारतात. माझ्या 14 एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंच्या गोठ्यात मी दोन्ही वापरून पाहिली आहेत, त्यामुळे पुढचे मत एका गोठ्यापुरते आहे असे समजूनच वाचावे.

दोन्ही उपकरणे एकच गोष्ट मोजतात असा समज दिसतो, पण तसे नाही. कासेला इजा झाली की रक्तातील सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपतात आणि त्यांनी वाढलेली वाहकता मीटर पकडते. 1957 साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी मांडलेली सीएमटी मात्र दाहामुळे दुधात वाढणाऱ्या पेशींशी थेट बोलते. द्रावणातील साबणासारखा घटक दुधातल्या पेशी फोडतो आणि त्यांच्यातील डीएनएमुळे मिश्रण घट्ट होते. साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये 2 लाखांहून अधिक पेशी आढळल्या तर त्या सडाकडे संशयाने पाहिले जाते. पॅडल नेमका आकडा देत नाही, पण त्या हद्दीच्या पुढे गेलेले दूध बहुतेक वेळा दाखवून देते.

मी आधी मीटरच घेतले, हे कबूल करायला हवे. आकडा वहीत लिहिता येतो, मागच्या आठवड्याशी ताडून पाहता येतो, आणि धार काढणाऱ्या दोघांत वाद होत नाही. सुटा आकडा फारसा विश्वासाचा नसतो, कारण दुधाचे तापमान आणि फॅट यांनुसार वाहकता बदलते. म्हणून एकाच गाईच्या चार सडांची आपसांत तुलना करावी लागते, आणि तीही मला जमू लागली होती.

माझे बिनसले ते मीटरच्या वाटीवरून. एका सडाचे दूध ओतून दिल्यावर वाटीच्या तळाशी, वाहकता मोजणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत, थोडे दूध राहतेच. माझ्या चांदणी गाईचा मागचा उजवा सड बिघडलेला होता. त्याच्यानंतर तपासलेला मागचा डावाही मीटरने चढा दाखवला. वाटी पाण्याने धुऊन पुन्हा तपासले तर आकडा एकदम खाली आला, कारण आता खाचेत पाणी राहिले होते. खात्रीचा आकडा हवा असेल तर वाटी धुवायची, झटकायची आणि पुढच्या सडाच्याच दुधाने विसळून मग मोजायची. पहाटे पाच वाजता, थंडीत, 56 सडांसाठी हे करून पाहा. तिसऱ्या आठवड्यात मी फक्त संशयित गाई तपासू लागलो, आणि सुप्त दगडीत संशय येईपर्यंत थांबणे म्हणजे तपासणी न करण्यासारखेच आहे. कदाचित इतर मीटरांची वाटी अधिक चांगली असेल. माझ्या मीटरची नव्हती.

पॅडलवर चारही सड एकदम समोर येतात. पहिल्या दोन-तीन धारा टाकून प्रत्येक वाटीत दूध घ्यायचे, पॅडल तिरके करून जास्तीचे सांडून द्यायचे आणि उरलेल्या सुमारे 2 मिलिलिटर दुधात तेवढेच जांभळट द्रावण घालून गोल फिरवायचे. चांदणीच्या तीन वाट्यांत मिश्रण पाण्यासारखे फिरत होते. चौथ्या वाटीत ते मध्यभागी गोळा झाले आणि पॅडल कलते केल्यावर कच्च्या अंड्यातील पांढऱ्यासारखे अखंड घसरले. पंधरा-वीस सेकंदांत पाहून घ्यावे लागते, कारण हलका चिकटपणा नंतर विरतो.

पॅडलचे दोष लपवण्यात अर्थ नाही. किंचित घट्टपणाला मी ‘आहे’ म्हणतो आणि घरची मंडळी ‘नाही’ म्हणतात. द्रावणाची मुदत पाहावी लागते. ते संपले असताना अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून मी काम भागवले आहे. रंग मिळत नाही, चिकटपणा मात्र दिसतो.

नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकात आणि आटत आलेल्या गाईच्या दुधात दोन्ही उपकरणे उगाच घाबरवतात. जंतू कोणता, हे तर दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी प्रतिजैविक टोचण्याआधीच सड स्पिरिटने पुसून निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा आणि तो बर्फात ठेवून आपल्या पशुवैद्यकांमार्फत प्रयोगशाळेत पाठवावा. चांदणीच्या वेळी मी तसेच केले आणि औषध त्या अहवालावरून ठरले.

साठ-सत्तर गाई आणि मशीनच्या नळीतच संवेदक बसवलेला पार्लर (मशीनने धार काढण्याची जागा) असेल तर वाहकतेचा पर्याय खुशाल निवडावा, कारण तिथे वाटी धुण्याचा प्रश्न येत नाही. हाताने किंवा बादलीच्या मशीनने धार काढणाऱ्या 10-20 गाईंच्या गोठ्यासाठी, माझ्या मते, पॅडल थोडे उजवे ठरते. माझे पॅडल दाराजवळच्या खिळ्याला टांगलेले असते आणि दर पंधरा दिवसांनी सगळ्या गाई तपासून होतात. मीटर कपाटात आहे. त्याची बॅटरी मी गेल्या दिवाळीत काढून घड्याळाला घातली.