‘महिना हजार रुपये वाचतील’ म्हणून गळ्यात मारलेला गीझर

चार माणसांचं घर, १५ लिटरचा २ किलोवॅटचा जुना गीझर आणि विक्रेत्याने वीजबिलाच्या मागे करून दिलेला हिशेब. जुना गीझर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास चालू, म्हणजे रोज ४ युनिट. महिन्याला १२०, सगळे आकार धरून १२ रुपये दराने १,४४० रुपये. नवा ३ किलोवॅटचा इन्स्टंट, म्हणजे पाणी साठवून न ठेवता लागेल तसं तापवणारा, गीझर रोज २० मिनिटं, म्हणजे १ युनिट, ३६० रुपये. महिन्याला १,०८० वाचणार आणि १२,५०० रुपयांचा गीझर वर्षाच्या आत फुकट पडणार. घरच्यांनी पैसे मोजले. बिलात फरक पडला तो जेमतेम दीडशे-पावणेदोनशेचा.

गुणाकार बरोबर आहे, लबाडी तासांत आहे. बटण चालू असलं म्हणजे कॉइल चालू असतेच असं नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की साधारण २१ मिनिटांत थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि दिवा विझतो. त्यानंतरची मिनिटं बिलात फारशी येतच नाहीत.

खरा खर्च पाण्यावरून काढायचा: लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०, की युनिट मिळतं. हिवाळ्यात २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला ०.४७ युनिट. चार बादल्यांना १.८६. टाकीतून निवून जाणारी उष्णता अर्धा युनिट धरली तरी जुन्या गीझरचे रोजचे सव्वादोन-अडीच युनिट होतात, चार नव्हेत.

आता नवा गीझर बघा. पाणी तेच, अंश तेवढेच, म्हणून त्यालाही १.८६ युनिट लागणारच. ३ किलोवॅटवर त्याला ३७ मिनिटं लागतात. विक्रेत्याच्या २० मिनिटांत चार बादल्या तापूच शकत नाहीत. जेमतेम दोन होतील. वाचतो तो टाकीतला अर्धा युनिट, महिन्याला पावणेदोनशे रुपये. १२,५०० वसूल व्हायला सहा वर्षं, तीही बारा महिने हिवाळा असेल तर! शिवाय ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. जुनं वायरिंग बारीक असेल तर ते बदलण्याचा खर्च वेगळाच.

याच विक्रेत्यांची दुसरी हातचलाखी म्हणजे क्षार चढलेली कॉइल काढून दाखवणं आणि ‘निम्मी वीज इथे जळते’ म्हणणं. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता पाण्याखेरीज जाणार कुठे? क्षारांमुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे क्षार काढणं, फार तर नवी कॉइल आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवतात तो अ‍ॅनोड रॉड. नवा गीझर नव्हे.

स्टार लेबलचंही तसंच. टाकीच्या गीझरवरचे तारे टाकीतून बाहेर जाणारी उष्णता मोजतात, पाणी तापवायची वीज नाही. दोन लेबलांत दिवसाला ०.४ युनिटचा फरक असेल तर महिन्याला १२ युनिट वाचतात, पण गीझर रात्रंदिवस चालू ठेवणाऱ्याचे. वापरापुरता लावणाऱ्याचे बरेच कमी.

सोलरवाले ‘१०० लिटरमागे वर्षाला १,५०० युनिट’ सांगतात. तो आकडा रोज १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून सगळं वापरणाऱ्याचा. ज्या घरात वर्षाला सात-आठशे युनिटच पाणी तापवायला लागतात, तिथे १,५०० वाचणार कुठून? मुळात बचत खरंच मोठी हवी असेल तर सोलर किंवा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) हेच मार्ग आहेत, फक्त आकडा आपल्या बादल्यांवरून काढावा. गीझरला लावायच्या ‘वीज वाचवणाऱ्या’ डबीचं तर बोलूच नका. त्यात बहुधा कपॅसिटर असतो आणि गीझरला त्याचा काडीचा उपयोग नाही.

विकत घेण्याआधी एक सकाळ फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं बंद करा आणि अंघोळींआधी व नंतर मीटरचा आकडा लिहून ठेवा. तो फरक विक्रेत्यापुढे ठेवा आणि त्यावरून केलेला बचतीचा हिशेब लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी मागा. नुसत्या तोंडी आकड्यावर उद्या ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केलात तर पुरावा म्हणून दाखवायला हातात काही नसतं.